शांत पडलेल्या मुलाकडे आधी जा

प्रिय विद्यार्थिनीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. परिचर्येचे मूलभूत शिक्षण संपत आले असताना पुढे बालरुग्ण परिचर्या हीच शाखा घ्यावी असे तुझ्या मनात आहे, आणि कारण म्हणून तू ‘मला मुले फार आवडतात’ एवढेच लिहिले आहेस. हे कारण खोटे नाही, पण अपुरे आहे. या विभागातून पहिल्या काही महिन्यांत खचून बाहेर पडलेल्या ज्या मुली मी पाहिल्या, त्यांतल्या बहुतेकींना मुले मनापासून आवडत होती. आपल्याला पाहून मुलाने हसावे असे त्यांना वाटे. इथे मात्र तू दारात दिसताच मूल आईच्या कुशीत तोंड लपवते, कारण काल त्याच्या हाताला सुई तूच टोचलेली असते. त्याचे हे वागणे स्वाभाविक आहे हे ओळखून दुसऱ्या दिवशी तितक्याच मऊ आवाजात त्याच्याशी बोलता आले पाहिजे.

मग या शाखेला लागते काय? जो स्वतःचे दुखणे सांगू शकत नाही, त्याच्याकडे न कंटाळता पाहत राहण्याची चिकाटी, असे मी म्हणेन. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वॉर्डात जुलाबांनी क्षीण झालेला दोन वर्षांचा एक मुलगा होता. शेजारच्या खाटेवरचे मूल मोठ्याने रडत होते म्हणून मी आधी तिकडे गेले; नंतर याचा रक्तदाब मोजला, तो ठीक आला, आणि मुलगा झोपला आहे असे समजून मी पुढे सरकले. थोड्या वेळाने वरिष्ठ सिस्टर आल्या. त्यांनी त्याच्या पावलांना हात लावला, ती गार होती. छातीवर बोट काही सेकंद दाबून सोडले, तर त्वचेचा रंग दोन सेकंदांत परतायला हवा तो परतेना. नाडी मोजली, ती 180 च्या पुढे गेलेली. मुलगा झोपला नव्हता, तो शॉकमध्ये, म्हणजे अवयवांना पुरेसे रक्त न पोचण्याच्या अवस्थेत, जात होता. लहान मुलाचे शरीर हृदयाचा वेग वाढवून आणि रक्तवाहिन्या आवळून रक्तदाब बराच काळ सावरून धरते आणि मग तो एकाएकी कोसळतो, हे मी परीक्षेत व्यवस्थित लिहिले होते. खाटेपाशी मात्र मला ते आठवले नाही. तो मुलगा वाचला. तेव्हापासून वॉर्डात शिरल्यावर मी रडणाऱ्या मुलाआधी शांत पडलेल्या मुलाकडे जाते, कारण रडणाऱ्याच्या अंगात निदान रडण्याइतके त्राण असते.

मुलाच्या गप्प राहण्याचा चुकीचा अर्थ एकट्या मीच लावलेला नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक रुग्णालयांत आईवडिलांना मुलाची भेट अगदी मोजका वेळ मिळे. भेटीनंतर मूल आकांत करते, म्हणून भेटीच त्रासदायक ठरवल्या जात, आणि काही दिवसांनी ते गप्प झाले की ‘रुळले’ असे म्हणत. ब्रिटनमधील संशोधक जेम्स रॉबर्टसन यांनी अशा मुलांचे बारकाईने निरीक्षण करून दाखवले की ते रुळणे नव्हते, मुलाने आशा सोडलेली होती. रुग्णालयातील मुलांविषयीच्या तिथल्याच 1959 च्या प्लॅट अहवालाने आईवडिलांच्या भेटींवरची बंधने काढावीत आणि लहान मुलांबरोबर आईला राहू द्यावे, अशी शिफारस केली. नवजात बाळांच्या वेदनेबाबतही असेच झाले. त्यांना फारसे दुखत नाही या समजुतीने कित्येक बाळांना शस्त्रक्रियेच्या वेळी पुरेशी भूल दिली जात नसे. आनंद आणि हिकी या संशोधकांच्या 1987 मधील लेखानंतर ही समजूत मागे पडू लागली. आज आपण चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजावल्यावर शांत होणे या पाच गोष्टींना गुण देऊन, न बोलणाऱ्या मुलाची वेदना 0 ते 10 मध्ये मोजतो. हा तक्ता भरणे कंटाळवाणे वाटेल तेव्हा त्यामागची ही हकिगत आठव.

गणिताचा तुला तिटकारा असेल तर तो आत्ताच काढून टाक. मोठ्यांच्या वॉर्डात गोळी ठरलेली असते. इथे प्रत्येक डोस वजनावर बेततो. 8 किलोच्या बाळाला किलोमागे 15 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यायचे म्हणजे 120 मिलिग्रॅम. 5 मिलिलिटरमध्ये 120 मिलिग्रॅम असलेले औषध हाती असेल तर 5 मिलिलिटर, आणि तेवढ्यातच 250 मिलिग्रॅम असलेले असेल तर 2.4 मिलिलिटर, म्हणून बाटलीवरचे लेबल वाचल्याशिवाय ‘एक चमचा’ हा शब्द तोंडातून काढू नकोस. दशांशचिन्ह एक घर सरकले की डोस दहापट होतो. तीन किलोच्या नवजात बाळाच्या अंगात सगळे मिळून सुमारे पाव लिटर रक्त असते, त्यामुळे तपासणीसाठी घेतलेल्या प्रत्येक मिलिलिटरचाही हिशेब ठेवावा लागतो.

आईवडिलांविषयी एवढेच सांगते की ‘आज हा नेहमीसारखा नाही’ असे आई म्हणाली, तर यंत्रावरचे आकडे कितीही चांगले असोत, मुलाला पुन्हा तपास. आणि वडील चिडून बोलले, तर बहुतेक वेळा ती भीती असते. उत्तर भीतीला दे.

काही मुले वाचत नाहीत. याची सवय होते असे तुला कोणी सांगेल; मला झालेली नाही, आणि व्हावी असे मला वाटतही नाही. मात्र अशा दिवसानंतर एकटी घरी जाऊ नकोस. ज्यांनी तुझ्याबरोबर ते मूल सांभाळले, त्यांच्याशी बोलूनच नीघ.

नवजात अतिदक्षता, कर्करोग, घरी जाऊन करायची परिचर्या, हे पुढचे फाटे नंतर ठरवता येतील. आधी चार आठवडे सामान्य बालरुग्ण विभागात काम माग, आणि त्यात रात्रपाळ्या अवश्य घे, कारण रात्री कमी माणसांत तुझे पाहणे किती टिकते ते कळेल. एक वही ठेव. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला कोणत्याही एका मुलाला हात न लावता, नुसते पाहून काय दिसले ते लिही: रंग, श्वासाची गती, बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते का, नजर कुठे आहे, हात कशाला धरून आहे. पाळी संपताना त्याच पानावर प्रत्यक्षात काय निघाले ते लिही. चार आठवड्यांनी ती वही घेऊन माझ्याकडे ये. अर्ज त्यानंतर भरू.

तुझी,
एक जुनी सिस्टर