अकिबा रुबिनस्टाइन: जगज्जेता नव्हता, तरी त्याचेच डाव का बघायचे?

तुमचा प्रश्न असा आहे: मुलगी अकरा वर्षांची, बुद्धिबळात डाव बरोबरीत आणते आणि एंडगेममध्ये, म्हणजे थोडेच मोहरे उरलेल्या शेवटच्या टप्प्यात, हरते. प्रशिक्षकांनी तिला अकिबा रुबिनस्टाइनचे डाव बघायला सांगितले. आनंद, कार्लसन सोडून, कधी जगज्जेता न झालेल्या शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाचे डाव कशाला? मला विचाराल तर प्रशिक्षकांनी अगदी नेमकं औषध दिलंय.

आधी माणूस सांगतो. जन्म १८८० च्या सुमाराचा, स्टाविस्की नावाच्या लहान गावातला. आज ते पोलंडमध्ये आहे, तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. घर ज्यू, धर्मशास्त्राच्या अभ्यासाचं. मुलाने रब्बी व्हावं अशी अपेक्षा. बुद्धिबळ तो शिकला थेट किशोरवयात, म्हणजे तुमची मुलगी आताच त्याच्या पुढे आहे. मग तो लॉड्झला गेला. कापडगिरण्यांच्या त्या शहरात गेओर्ग साल्वे नावाचा कसलेला खेळाडू होता. त्याच्याशी खेळून खेळून हा तयार झाला.

१९०७ मध्ये त्याने कार्ल्सबादची मोठी स्पर्धा जिंकली. १९०९ मध्ये सेंट पीटर्सबर्गला जगज्जेत्या लास्करबरोबर पहिला क्रमांक वाटून घेतला, दोघांचेही १८ पैकी साडेचौदा गुण. त्या दोघांमधला डाव मात्र रुबिनस्टाइनने जिंकला, तोही हत्तीच्या एंडगेममध्ये, म्हणजे राजे, हत्ती आणि प्यादीच उरलेली असताना. १९११ ला सान सेबास्टियनला कापाब्लांका पहिला आला, पण त्या स्पर्धेत तो एकच डाव हरला आणि तो रुबिनस्टाइनकडून. पुढचं १९१२ साल तर विलक्षण: एका वर्षात पाच स्पर्धांत पहिला क्रमांक, त्यातला एकच वाटून घेतलेला. त्या वर्षी जगात त्याच्यापेक्षा चांगलं कोणी खेळत नव्हतं, असं माझं ठाम मत आहे.

मग किताब का नाही? त्या काळी आजच्यासारखी आव्हानवीरांची स्पर्धा नव्हती. जगज्जेता अटी घालायचा आणि बक्षिसाची रक्कम आव्हान देणाऱ्याने उभी करायची. लास्करशी सामना १९१४ ला व्हायचं ठरलं होतं. त्याच वर्षी वसंतात सेंट पीटर्सबर्गच्या स्पर्धेत रुबिनस्टाइन अंतिम पाचांत पोहोचला नाही. लास्करने त्याला हरवलं आणि, वाचून वाईट वाटतं, तोही हत्तीचाच एंडगेम होता. उन्हाळ्यात महायुद्ध पेटलं आणि सामना कायमचा राहिला. १९२२ मध्ये व्हिएन्नाची स्पर्धा त्याने पुढे जगज्जेता झालेल्या अलेखिनच्याही पुढे राहून जिंकली, पण तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका याच्या अटीतले दहा हजार डॉलर त्याला कुठून मिळणार होते?

पुढे मनाचा आजार वाढत गेला. माणसांची भीती वाटायची, चाल केली की तो पटापासून दूर जाऊन बसायचा. त्यावर रंगवलेले किस्से तुम्हाला ढिगाने सापडतील. मुलीला ते कृपा करून सांगू नका. हेही त्याच काळातलं आहे: १९३० च्या हॅम्बुर्ग बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेत, पोलंडने सुवर्ण जिंकलं, तेव्हा पहिल्या पटावर हाच होता. १७ डावांत १५ गुण, एकही हार नाही. पुढच्या वर्षी प्रागला पंजाबच्या मीर सुलतान खानने त्याला हरवलं. आपल्या मुलांना तो डावही जरूर दाखवावा. त्यानंतर लवकरच तो स्पर्धांतून बाजूला झाला. दुसरं महायुद्ध त्याने बेल्जियममध्ये रुग्णालयात राहून कसंबसं काढलं. १९५० मध्ये फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, पहिल्यांदा अधिकृतपणे ग्रँडमास्टर किताब दिले त्या यादीत त्याचं नाव होतं. १९६१ मध्ये अँटवर्पला तो गेला.

आता मुलीकडे वळू. इंटरनेटवर शोधलंत की आधी रोटलेवीविरुद्धचा १९०७ चा लॉड्झचा डाव समोर येईल. वजीर एच४ वर (अक्षर म्हणजे पटावरची उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ) मारात सोडून सी३ वर हत्ती, मग डी२ वर दुसरा, शेवटी एच३. सुंदर आहे, दाखवा, ती हरखून जाईल. पण तिचा प्रश्न त्याने सुटणार नाही.

तिला १९०९ च्या सेंट पीटर्सबर्गचा स्पीलमान विरुद्ध रुबिनस्टाइन द्या. हा काळ्याकडून खेळतोय. दोघांकडे एकेक हत्ती. पांढऱ्याची ए आणि डी पट्टीवरची प्यादी एकटी पडलेली, म्हणजे शेजारच्या पट्ट्यांवर त्यांना राखायला आपलं प्यादं नाही. काळा हत्ती ए४ वर येतो. तिथून तो दोन्ही एकट्या प्याद्यांवर डोळा ठेवतो, त्यामुळे पांढऱ्याचा हत्ती डी३ वर राखणीला अडकतो. एका हत्तीवर दोन प्याद्यांचं ओझं! मग काळा राजा निवांत चालत डी५ वर येतो. आणि त्यानंतरची चाल? जी प्याद्याचं एक साधं पाऊल. काही मारत नाही, कसली धमकी नाही, फक्त म्हणतो, आता तू खेळ. पांढऱ्याला मात्र स्थिती न बिघडवता खेळायला चाल उरत नाही.

मी स्वतः जिल्हा स्पर्धेत एक डाव असाच घालवला होता. प्यादी समान, बरोबरी समोर दिसत होती, पण माझा हत्ती एका प्याद्यामागे बसला तो शेवटपर्यंत तिथून हलला नाही. घरी येऊन हा डाव लावला तेव्हा कळलं की मी एंडगेममध्ये हरलोच नव्हतो. मधल्या डावात घाईने प्याद्यांची मारामारी करून एकटं प्यादं पदरात घेतलं, तिथेच हरलो होतो. रुबिनस्टाइन शिकवतो ते हे. ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, निवडतानाच तो शेवटी कुठली प्यादी उरतील ते बघतो. निम्झो-इंडियन नावाच्या ओपनिंगमध्ये चौथ्या चालीला ई३, फ्रेंच नावाच्या ओपनिंगमध्ये तिसऱ्या चालीला ई४ वर मारणं, या चाली त्याच्या नावाने आजही रोज खेळल्या जातात. तुमची मुलगीही कदाचित त्याचं नाव ठाऊक नसताना त्या खेळत असेल.

पद्धत अशी ठेवा. चाली सुचवणारं संगणकाचं इंजिन बंद, खरा पट. स्पीलमानचा डाव हत्तीच्या एंडगेमपर्यंत आणा आणि तिला आधी पांढऱ्याकडून बसवा, काळा तुम्ही खेळा. हत्ती राखणीला अडकला की कसं गुदमरायला होतं ते तिला स्वतः जाणवू दे. दुसऱ्या दिवशी बाजू बदला. मूळ चाली तिसऱ्या दिवशी दाखवा. हे झालं की त्याच स्पर्धेतला कोन विरुद्ध रुबिनस्टाइन घ्या. त्यात नुसते राजे आणि प्यादी आहेत, आणि काळा राजा एफ६ पासून चालत चालत एच३ पर्यंत जातो. तो डाव लावाल तेव्हा तिला प्रत्येक चालीआधी विचारा, राजा आता कुठे निघालाय?