तरंगत्या पवनचक्कीचं मॉडेल: कंट्रोलरला हात घालण्याआधी

तरंगत्या पवनचक्कीचं छोटं मॉडेल बनवून तिचा कंट्रोलर (वाऱ्यानुसार पात्यांचा कोन बदलणारी यंत्रणा) तपासायचा, हा विषय अवघड निवडलात, पण फार सुंदर आहे. सुरुवातीला मोजक्या गोष्टी धरा.

सर्वांत महत्त्वाचं: जमिनीवरच्या टर्बाइनचा (पवनचक्कीचा) कंट्रोलर तसाच लावू नका. नवशिक्यांची ही चूक सर्रास होते. जोराच्या वाऱ्यात टर्बाइन वाऱ्याच्या सामोरी डोलली, की पात्यांना वारा जास्त जाणवतो. चपळ कंट्रोलर लगेच पात्यांचा कोन वाढवतो, तिला मागे रोखणारा रेटा घटतो आणि डोलणं शमण्याऐवजी वाढत जातं. म्हणून कंट्रोलर प्लॅटफॉर्मच्या, म्हणजे टर्बाइनखालच्या तरंगत्या पायाच्या, डोलण्यापेक्षा संथ ठेवा.

दुसरं, काळही आक्रसतो. फ्रूडच्या नियमानं (लाटांतल्या हालचाली मॉडेलच्या मापात आणण्याचा नियम) १:५०, म्हणजे ५० पट लहान, मॉडेलमध्ये सगळं सुमारे ७ पट वेगानं घडतं. ३० सेकंदांचं डोलणं जेमतेम सव्वाचार सेकंदांचं होतं. पात्यांचा कोन बदलणारी मोटर त्या वेगाची हवी.

वजन तर १,२५,००० (५० × ५० × ५०) पट कमी! एनआरईएल या अमेरिकी ऊर्जा प्रयोगशाळेच्या ५ मेगावॅट संदर्भ टर्बाइनचे (अभ्यासासाठी ठरवलेल्या नमुना टर्बाइनचे) रोटर (पात्यांचं चक्र) आणि नॅसेल (मनोऱ्यावरची यंत्रांची पेटी) मिळून ३५० टन; तुम्हाला मोटर-सेन्सरांसह २.८ किलोत बसवायचंय. जाड केबल टाळा, ती मॉडेलला ओढून धरते.

प्रत्येक पात्याचं स्वतंत्र नियंत्रण सध्या बाजूला ठेवा. आधी स्थिर पाण्यात मॉडेल हलकेच ढकलून डोलण्याचा काळ मोजा. कंट्रोलरचे आकडे त्यानंतर ठरवा.