बाहुली रडते कशी?

प्रश्न : मध्यंतरी एक बाहुलीनाट्य पाहिलं. एकाच बाहुलीला तिघं जण चालवत होते आणि ते समोर धडधडीत दिसत होते. तरी ती म्हातारी पत्र वाचून खाली बसली, तेव्हा मला रडू आवरेना. तिचा चेहरा तर जराही हलला नव्हता! असं का व्हावं? आणि करमणूक सोडली तर बाहुल्यांचा उपयोग काय?

उत्तर : चेहरा हलला नाही म्हणूनच तुम्ही रडलात. नट रडतो तेव्हा तो कसा रडतोय हे आपण बघत बसतो. बाहुलीच्या चेहऱ्यावर रडणं आपल्यालाच भरावं लागतं.

अर्थात चालवणाऱ्याची करामत आहेच. नवख्यांना मी आधी बाहुलीचा श्वास शिकवतो. पत्र उचलण्याआधी छाती किंचित वर, वाचून झालं की सावकाश खाली. हात, मान सगळं नंतर. आणि नजर बाहुलीवरच हवी. चालवणाऱ्याने प्रेक्षकांकडे पाहिलं रे पाहिलं, की तिचं लाकूड झालंच म्हणून समजा.

तिघांनी मिळून एक बाहुली चालवायची ही रीत जपानच्या बुनराकू या पारंपरिक बाहुलीनाट्यातली. मुख्य कलाकाराकडे डोकं आणि उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय. गंमत म्हणजे स्त्री-बाहुल्यांना बहुधा पायच नसतात! तिसरा कलाकार किमोनोची खालची कड मुठींनी हलवतो आणि आपल्याला चक्क पावलं दिसतात. २००७ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये आलेल्या 'वॉर हॉर्स' या नाटकातल्या बाहुली-घोड्यालाही तिघंच लागत. त्याचा सांगाडा वेताचा, आतल्या माणसांचे पाय उघडे. पण त्याचे कान टवकारले, पोट श्वासाने हललं, की माणसं दिसेनाशी होत.

उपयोगाचं म्हणाल, तर दक्षिण आफ्रिकेत २००२ साली मुलांच्या टीव्ही मालिकेत कामी नावाची एचआयव्हीबाधित बाहुली आली. जे घरात बोलायची चोरी होती, ते ती सहज बोलायची. स्वच्छतेवर भाषण ठोकणाऱ्या बाहुल्यांचा मात्र मला मनस्वी कंटाळा आहे. भाषणाला माणसं पुरतात.

दवाखान्यातही बाहुली कामाला येते. कुठे दुखतंय हे मोठ्यांना न सांगणारं मूल बाहुलीच्या पोटावर बोट ठेवून दाखवतं. फक्त इंजेक्शनच्या वेळी तिच्या तोंडून 'दुखणार नाही' असं वदवू नका. 'मलाही दुखलं होतं' म्हणू द्या.