ठमीला कुणाकडे ठेवू?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, सप्रेम नमस्कार. आम्ही तिवंध्याजवळ जुन्या वाड्यात राहतो. आम्ही म्हणजे आता मी एकटीच. वाडा बिल्डरकडे गेलाय, दिवाळी झाली की खाली करायचा आणि मी पुण्याला मुलाकडे जायचं असं ठरलंय. अडलंय ते माझ्या मांजरीपाशी. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या गंगेला, म्हणजे गोदावरीला, मोठा पूर आला, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला होता, त्या आठवड्यात हे भिजलेलं पिल्लू आमच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेलं सापडलं. तिचं नाव ठमी. तिरंगी आहे, ऑपरेशन झालेलं आहे, कुणाला ओरबाडत नाही. झाडू पाहिला की मात्र फिस्कारते.

नातवाला दमा आहे. मागे शेजारच्यांचं मांजर घरात शिरलं तर त्याला रात्री वाफारा द्यावा लागला होता. सूनबाई बिचारी म्हणते, "आई, तिचे केस काढून आणलं तर?" इथे विचारावं तर सगळ्यांना पिल्लूच हवंय, सहा वर्षांची मांजर कुणी घेईना. भाजीवाला म्हणतो, गंगेवर सोडा, तिथे खायला पडलेलं असतं. शेजारचे म्हणतात, मांजर घराला धरून असतं, माणसाला नाही, तिला इथेच राहू द्या. आमच्या ह्यांच्या एका मित्राची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे, ते न्यायला तयार आहेत. "उंदीर फार झालेत" म्हणाले. देऊ का? आणि खरं सांगा, ती मला विसरेल का?
— एक वाचक, जुने नाशिक

उत्तर : ताई, आधी सूनबाईंचं बघू. केस काढून काही होत नाही. ॲलर्जी होते ती मांजराच्या लाळेत आणि कातडीत असलेल्या एका प्रथिनाची. मांजर दिवसभर अंग चाटतं, लाळ वाळते आणि मग ते धुळीबरोबर घरभर उडत राहतं. बोडकी ठमीसुद्धा नातवाला त्रास देईलच, वर दिवाळीनंतरच्या आपल्या थंडीत स्वतः कुडकुडेल. पण सूनबाईंनी विचारलं हेच किती आहे. आणि पोराच्या छातीपुढे मांजर मागे पडलं म्हणून तुम्ही स्वतःला अपराधी समजू नका. पत्रभर ते जाणवतंय.

भाजीवाल्याकडून भाजी घ्या, सल्ला घेऊ नका. गंगेवर, रामकुंडाच्या बाजूला खायला पडतं हे खरं, पण ते खाणारी कुत्री आणि बोके तिथे आधीपासून आहेत. त्यांच्या हद्दी ठरलेल्या आहेत. सहा वर्षं गोधडीवर झोपलेली मांजरी तिथे गेली की पहिल्याच रात्री कुठल्या तरी गाडीच्या बॉनेटमध्ये शिरते. शिवाय उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत पाळीव जनावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये. तेव्हा ही रक्कम मोठी असेल, आज तेवढ्यात मेथीची जुडी येते.

शेजाऱ्यांचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेऊ नका, त्यात तथ्य आहे. एक करून बघा. आत्ता उठा आणि माजघराच्या चौकटीपाशी खाली वाका. जमिनीपासून वीतभर उंचीवर, लाकडाच्या कडेला, तेलकट काळपट डाग दिसेल. तेलाचा हात पुसल्यासारखा. तो ठमीने केलाय. मांजराच्या गालात ग्रंथी असतात. येता-जाता गाल घासून ती तिथे स्वतःचा वास ठेवते. जिन्याच्या कठड्याला, गॅसच्या ओट्याच्या कोपऱ्याला, तुमच्या पलंगाच्या पायालाही असे डाग असतील. शेजारी ज्याला घर म्हणतात ते ठमीच्या लेखी हे डाग आहेत. पण वाडाच पाडायचा म्हटल्यावर चौकटही जाणार आणि डागही जाणार. "तिला इथेच राहू द्या" म्हणजे जेसीबीसमोर राहू द्या.

हे मला फार उशिरा कळलं. मी जनावरांचा डॉक्टर, पण माझी सगळी नोकरी गाई-म्हशींत गेली. म्हशीला दुसऱ्या गोठ्यात बांधली की दोन दिवस दूध आटतं, मग ती रुळते. मांजराचंही तसंच असेल अशी माझी समजूत. पिंपळगाव बसवंतला असताना बदली झाली, तेव्हा आमची पांढरी मांजरी मी ओळखीच्या एका बागायतदाराला दिली. द्राक्षाच्या क्रेटवर दुसरा क्रेट उपडा घातला, सुतळीने बांधला, जीपमध्ये ठेवून नेली आणि शेडमध्ये सोडून दिली. तिने एकदा मागे बघितलं आणि वेलींच्या ओळीत शिरली. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप आला, "डॉक्टर, मांजर नाही दिसत." पुन्हा कुणालाच दिसली नाही. त्या माणसाची काही चूक नव्हती, तिला दाराआड ठेवायला मीच सांगितलं नव्हतं.

म्हणून दिंडोरीच्या मित्रांना नको म्हणा. माणूस भला असेल, पण तुमची मांजरी वाड्यातली आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की बागेत डाऊनी-भुरी या बुरशीच्या रोगांसाठी फवारणीवर फवारणी चालते. औषध पानांवरून, गवतावरून मांजराच्या अंगाला लागतं आणि मांजर अंग चाटतंच. त्यात उंदीर फार झालेत म्हणजे उंदरांचं औषधही कुठेतरी ठेवलेलं असणार. औषध खाल्लेला उंदीर सुस्तावतो, मांजराला आयता सापडतो, आणि विष तिच्याही पोटात जातं. उंदरांसाठी मांजर नेणाऱ्याला उंदीर संपले की मांजराचं काय करायचं ते सुचत नाही, असा माझा अनुभव आहे.

सगळ्यांना पिल्लूच हवं असतं हे खरं. तेव्हा ज्यांना पिल्लू झेपणार नाही अशी माणसं शोधा. पासष्टीच्या माणसाने पिल्लू आणलं तर ते पंधरा वर्षं जगू शकतं, पडदे फाडतं, रात्री दोनला पायाची बोटं चावतं. सहा वर्षांची, ऑपरेशन झालेली, शांत मांजरी अशा घराला बरोबर बसते. तुमच्या भजनी मंडळात विचारा. निवृत्त शिक्षक, नवरा-बायको दोघंच असलेली घरं, नुकतंच मांजर गेलेलं घर. तुम्ही ठमीला ज्या दवाखान्यात नेता तिथे चिठ्ठी लावा, कारण कुणाचं मांजर गेलं ते डॉक्टरांना आधी कळतं. त्याआधी रेबीजची आणि तीन रोगांची एकत्रित, अशा दोन्ही लसी देऊन घ्या. लसींचं पुस्तक हातात असलं की समोरच्यालाही कळतं की हे मांजर कुणाचं तरी आहे.

चिठ्ठीवर "फुकट" हा शब्द नको. फुकट म्हटलं की नको ती माणसं येतात. दुर्गुण लपवू नका. मी असं लिहीन :

"तिरंगी मांजरी, वय सहा. ऑपरेशन आणि लसी झालेल्या. पहाटे पाचला उठवते. झाडूवर राग आहे. दुपारी मांडी लागते. शांत घर हवं. घर पाहिल्याशिवाय देणार नाही."

फोटो दिवसा, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून काढा. फ्लॅश मारला की डोळे हिरवे चमकतात आणि गरीब मांजरही भूत दिसतं. आणि कुणी फोनवर "बोका आहे की मांजरी" असं विचारलं तर समजा, याचा मांजरांशी फारसा संबंध आलेला नाही. तिरंगी मांजर बहुधा मादीच असतं.

घर पाहायला खरंच जा, चहाला म्हणून. एकच प्रश्न सहज विचारा : "आधीच्या मांजराचं काय झालं?" म्हातारं होऊन गेलं, आजारात गेलं, असं सांगताना माणूस जरा थांबतो. "कुठेतरी गेलं" असं पटकन म्हणणाऱ्याचा चहा प्या आणि निघा. जाता-जाता खिडक्या बघा. इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडे सगळे उंच फ्लॅट. ग्रिल आहे म्हणून निश्चिंत राहू नका, मांजराचं डोकं जिथून जातं तिथून बहुधा अंगही जातं. गॅलरीला जाळी हवी. घरात आधीपासून कुत्रं असेल तर ठमीसाठी ते घर सरळ नको.

दिवाळीपर्यंत वेळ आहे, तोवर दोन सवयी लावा. वाड्यात ती परसात जात असणार, फ्लॅटमध्ये परस कुठून आणणार? एका पसरट घमेल्यात परसातलीच माती भरा आणि मोरीजवळ ठेवा. ती त्यात जाऊ लागली की मातीत थोडी-थोडी बाजारची लिटर, म्हणजे मांजराच्या शी-शूसाठीची वाळू, मिसळत जा. दुसरं, झाकणाची टोपली किंवा प्लास्टिकचा पिंजरा आजच घरात उघडा ठेवा आणि जेवण त्यातच द्या. नेण्याच्या दिवशी ती स्वतःहून आत जाऊन बसली पाहिजे. पोत्यात घालून स्कूटरवर नेऊ देऊ नका, मग ते नेणारे कितीही घरचे असोत.

नव्या घरात पहिले दोन-तीन आठवडे एकच खोली, दार बंद. घमेलं एका कोपऱ्यात, पाणी-जेवण लांबच्या कोपऱ्यात. ती दोन दिवस पलंगाखालून निघणार नाही, रुसलेलीच असेल. हाका मारून, ओढून काढू नये. पण जेवणाकडे लक्ष हवं. दोन दिवस तोंडालाच काही लावलं नाही तर दवाखाना, कारण मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी यकृतात साचते आणि मग वाचवणं अवघड होतं. नुसत्या दूध-पोळीवर ती असेल तर तेही आताच बदला. मांजराला मांसातून मिळणारं टॉरिन लागतं, त्यावाचून डोळे आणि हृदय बिघडतं. आणि घरच्यांना एक गोष्ट लिहूनच द्या : ताप वाटला तरी क्रोसिन, पॅरासिटॅमॉल द्यायचं नाही. माणसाच्या एका गोळीने मांजर दगावतं.

तुम्ही विचारलंत, विसरेल का. लगेच नाही विसरणार, बरीच मांजरं आवाज महिनोन्महिने ओळखतात. पण तुम्ही पहिल्या महिन्यात भेटायला गेलात तर ते तुमच्यासाठी असेल, तिच्यासाठी नाही. तिची तिथे लागत आलेली बैठक मोडेल. फोनवर चौकशी करा. संक्रांतीला नाशिकला याल तेव्हा तिळगूळ घेऊन जा. ती आली तर मांडीवर घ्या, नाही आली तर मनाला लावून घेऊ नका.

ते चौकटीचे डाग तुम्हाला उचलून नेता येणार नाहीत, वास नेता येईल. एक जुना सुती रुमाल रोज तिच्या गालांवरून अलगद फिरवा. नेण्याच्या दिवशी तोच रुमाल नव्या घरातल्या पलंगाच्या पायांना, दाराच्या कडेला, वीतभर उंचीवर पुसून या. आणि ती जिच्यावर झोपते ती गोधडी टोपलीत घालून द्या. देताना घरचे म्हणतील धुऊन द्या, बरं दिसत नाही. गोधडी धुऊ नका.