तोल उभं राहूनच येतो

प्रिय,

बेडच्या पायथ्याशी सायकल बसवली, पेशंट नेमाने पॅडल मारतात, तरी डायलिसिस संपवून निघताना माणसं पडतातच कशी, असं विचारतेस. अगं, पडणार नाहीत तर काय! आडवं राहून पॅडल मारताना तोल सांभाळावाच कुठे लागतो? मांड्यांना बळ येतं, दम वाढतो. ते हवंच. पण तोल उभं राहूनच येतो.

डॉक्टर सायकलही बंद करा म्हणाले, तर जर्मनीतला २०२३ चा अभ्यास दाखव. वर्षभर डायलिसिस चालू असताना व्यायाम केलेले पेशंट मिनिटाला खुर्चीतून सरासरी १६ वेळा उठायचे, ते १९ वर गेले. न केलेले १६ वरून १५ वर घसरले. म्हणजे नुसतं झोपवून ठेवणं ही विश्रांती नाही. तरीही, तोल उभं राहूनच येतो.

म्हणून सुई लावण्याआधीची दहा मिनिटं पकड. वजनकाट्यावर आलेच आहेत ना? तिथेच रेलिंग धरून टाचा उचलायच्या, एका पावलापुढे दुसरं ठेवून थांबायचं, खुर्चीतून उठबस. तू शेजारी. मधुमेहींचे तळवे बऱ्याचदा बधिर असतात, चप्पल निसटलेली कळत नाही. ती आधी बघ. सायकल पहिल्या दोन तासांत, फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसची सुई लागते तो, हात स्थिर ठेवून. नंतर पाणी निघत जातं तसं बीपी उतरतं. मांडीत कॅथेटर, म्हणजे डायलिसिसची नळी, असेल तर सायकल नाहीच. संपल्यावर पाय खाली सोडून बसव, उभ्याने बीपी घे, मग वजनकाटा. यांची हाडं ठिसूळ असतात, एका पडण्यात खुबा जातो.

टेक्निशियन म्हणतील, मॅडम, पुढची शिफ्ट खोळंबते. मीही तेच ऐकलं. या दहा मिनिटांपायी युनिटमध्ये हेकट ठरले, एक चांगली मैत्रीण कायमची दुरावली. त्याचं वाईट वाटतं, पण आजही मी तेच करीन. शिफ्ट उशिरा लागली तर ओरडा बसतो, एवढंच. मोडलेल्या खुब्याचं बिल आणि अंथरूण घरच्यांच्या वाट्याला येतं, आपल्या नाही.

सगळ्यांना एकदम घेऊ नकोस. हाताचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीतून उठता येत नाही, अशांपासून सुरुवात कर. आणि सायकलींचे फोटो मला पाठवू नकोस. कोण किती सेकंद उभं राहिलं, ते कळव.