औषधासाठी दिव्याहून धारावीला

प्रश्न : मी दिवा येथे महिला बचत गटाचे काम पाहते. गटातील एका ताईंचे यजमान मशीद बंदरला हमाली करतात. धारावीत राहत असताना त्यांना क्षयरोग असल्याचे निघाले आणि तेथील दवाखान्यातून औषधे सुरू झाली. दोन महिन्यांनी खोलीचे भाडे परवडेना, म्हणून कुटुंब दिव्याला आले. आता औषधासाठी धारावीला जावे तर त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि इकडच्या दवाखान्यात विचारले तर 'जिथे सुरू केली तिथूनच घ्या' असे सांगतात. घरात चार वर्षांची मुलगी आहे. मुंबईबाहेरच्या रुग्णांकडून जादा शुल्क घ्यावे, अशी चर्चाही कानावर येते. निरनिराळ्या महापालिका आमच्यासारख्यांसाठी एकत्र येऊन काही करू शकत नाहीत का?
— एक वाचक, दिवा (जि. ठाणे)

उत्तर : आपल्याला मिळालेले उत्तर चुकीचे आहे. क्षयरोगाची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत सर्वांना मोफत आहेत आणि क्षयरुग्णांची नोंद ठेवणाऱ्या 'निक्षय' या सरकारी संगणक प्रणालीत प्रत्येक रुग्णाला मिळणारा क्रमांक देशभर चालतो. रुग्णाने शहर बदलले, तर जुन्या केंद्राने त्याची नोंद नव्या केंद्राकडे पाठवायची असते. त्यांनी धारावीला एकदाच जाऊन नोंद दिव्याकडे ट्रान्सफर करून घ्यावी, तपासणीचे अहवाल व उपचार कार्ड यांच्या प्रती घ्याव्यात आणि नवे केंद्र औषध देऊ लागेपर्यंत पुरतील एवढ्या गोळ्या मागून आणाव्यात. एका दिवसाचाही खंड पडू देऊ नये. साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. बरे वाटले म्हणून तो मध्येच सुटला, तर उरलेले जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो. पोषण आहारासाठी उपचाराच्या काळात दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली आहे. ती बँक खात्यात जमा होत आहे का, हेही याच फेरीत विचारून घ्यावे.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. मुंबई महानगर प्रदेशात बृहन्मुंबई, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, भिवंडी-निजामपूर, मीरा-भाईंदर, वसई-विरार आणि पनवेल अशा नऊ महापालिका आहेत आणि प्रत्येकीचे आरोग्य खाते वेगळे आहे. श्रमिक माणसाचे आयुष्य मात्र या हद्दींत बसत नाही. तो एका शहरात राबतो, दुसऱ्यात झोपतो आणि भाडे वाढले की तिसऱ्यात जातो. दिव्यातला दवाखाना उघडतो तेव्हा हमाल मशीद बंदरला पोहोचलेला असतो. म्हणून माझ्या मते पहिली गरज इमारतींची नाही. राहत्या शहरातले औषध कामाच्या ठिकाणाजवळ, सायंकाळच्या वेळेत मिळावे, एवढा करार जरी दोन महापालिकांनी केला तरी कित्येकांचे उपचार पूर्ण होतील.

जादा शुल्काच्या चर्चेने मला मनापासून वाईट वाटते. मुंबईच्या करदात्यांवर बाहेरच्या रुग्णांचा भार पडतो हे खरे आहे, परंतु मुंबईच्या पाण्याचा सर्वांत मोठा वाटा शहापूर तालुक्यातील भातसा धरणातून येतो, हेही तितकेच खरे आहे. पाणी ज्या परिसरातून घ्यायचे, त्याच परिसरातील आजारी माणसाला परका ठरवायचे, हे न्यायाचे नाही. खर्चाचा हिशेब महापालिका आणि राज्य शासन यांनी आपापसांत करावा, केसपेपरच्या खिडकीवर रुग्णाशी नव्हे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पात्र रुग्ण राज्यातल्या कोणत्याही अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयात गेला, तरी मंजूर उपचारांचे पैसे त्या रुग्णालयाला योजनेतून मिळतात. हीच पद्धत बाह्यरुग्ण विभागातील तपासण्यांपर्यंत आणता येईल. तातडीच्या प्रसंगी तर सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच म्हटले आहे.

महापालिकांनी एकत्र बसण्यासाठी कायद्यात जागा आहे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने दहा लाख वा त्याहून अधिक लोकसंख्येच्या महानगर क्षेत्रांसाठी महानगर नियोजन समितीची तरतूद केली. तिने विचारात घ्यायच्या बाबींत पाण्याची वाटणी, पायाभूत सुविधा आणि पर्यावरण यांचा नावानिशी उल्लेख आहे; आरोग्याचा तसा उल्लेख नाही. तरीही 'समान हिताचे विषय' या शब्दांत ते निश्चित बसते. डेंग्यूचा डास किंवा पुराच्या पाण्यातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस हद्दीच्या पाटीपाशी थांबत नाही, तेव्हा रुग्णांची दैनंदिन माहिती शेजारच्या महापालिकेला त्याच दिवशी कळणे हा समान हिताचाच विषय आहे. आपल्या गटाने ठाणे महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज देताना नोंद ट्रान्सफर आणि सायंकाळची वेळ या दोनच मागण्या ठेवाव्यात. रुग्णाला अधिक त्रास झाला, तर कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय याच महापालिकेचे असून दिव्याहून दोन स्थानकांवर आहे.

या सगळ्याआधी, याच आठवड्यात, त्या चार वर्षांच्या मुलीची तपासणी करून घ्यावी. घरात क्षयरोगी असलेल्या पाच वर्षांखालील मुलांना आजार नाही याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक औषध दिले जाते आणि तेही मोफत असते. आईचीही तपासणी सोबतच व्हावी.