दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकी गणवेशाची प्रतिकृती मागवली, पण अंगावर ती वॉचमनच्या ड्रेससारखी दिसते. नेमकं काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की एकांकिकेत १९४४ सालच्या इटलीतल्या मराठा शिपायाची भूमिका मिळाली आहे. बॅटलड्रेसची, म्हणजे त्या काळच्या आखूड जॅकेट-पँटच्या लढाईच्या गणवेशाची, प्रतिकृती ऑनलाइन मागवली. शर्टाचा नंबर ४० म्हणून छाती ४०, जीन्स ३४ची म्हणून कंबर ३४. बिल्ले, बटणं, पट्टे सगळं फोटोत पाहून जुळवलं, पैसेही बरेच गेले, आणि आरशात मात्र शिपाई दिसत नाही. बिल्ल्यांमध्ये काही शोधू नका. तुमची पँट खाली बसली आहे आणि ब्लाउजचा मुंढा, म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात ते भोक, खोल आहे. फोटो न बघताही एवढं सांगू शकतो, कारण अशी तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांच्या ड्रेसमध्ये हेच दोन दोष निघतात. (त्या आखूड जॅकेटला ब्लाउजच म्हणत, म्हणून मीही तोच शब्द वापरतो.)

मी नागपुरात, सदरला शिलाईचं काम करतो. पोट चालतं शाळेच्या आणि एनसीसीच्या गणवेशांवर, पण जीव लागतो तो जुन्या काळच्या कपड्यांत. काम शिकलो कामठीला, मामांच्या दुकानात. कामठीची छावणी १८२१ची, त्यामुळे तिथल्या शिंप्यांच्या हाताला खाकीची पिढ्यानपिढ्यांची सवय. मामा माप घ्यायला टेप गळ्यातून काढत आणि गिऱ्हाइकाला आधी पँट वर ओढायला लावत. म्हणत, "पँट बेंबीवर घालाची असते बावा, कुल्ल्यावर नाई." तेव्हा मला ते म्हाताऱ्या माणसाचं जुनं वळण वाटायचं. पहिला बॅटलड्रेस शिवायला घेतला तेव्हा कळलं की अख्खा ड्रेस त्या एका वाक्यावर उभा आहे.

बॅटलड्रेसचा ब्लाउज आखूड असतो, कमरेपाशीच संपतो. तो पँटच्या वरच्या पट्टीवर बसतो, आणि मागच्या बाजूला ब्लाउजच्या आतली काजं पँटच्या बटणांत अडकवायची सोय असते. पँट गॅलिसवर (खांद्यांवरून जाणाऱ्या पट्ट्यांवर) टांगलेली, बेंबीच्या उंचीला. आता हीच पँट तुम्ही जीन्ससारखी खाली घातली की ब्लाउज आणि पँटच्या मध्ये दोन-तीन बोटं फट पडते. ती झाकायला आपण ब्लाउज खाली ओढतो, मग खांदे ताणले जातात, पुढून पोटावर चुण्या पडतात, आणि शिपाई कुणाचे तरी मागून आणलेले कपडे घातल्यासारखा दिसतो. कमरेचा वेबिंगचा (जाड विणीचा) पट्टाही मग खाली घसरतो.

म्हणून आज पहिलं काम हे करा. टेप घ्या आणि पँटचं आसन मोजा: पुढून, दोन्ही पायांची शिवण जिथे मिळते तिथपासून वरच्या पट्टीच्या काठापर्यंत. मध्यम उंचीच्या माणसाला जुन्या पद्धतीच्या पँटमध्ये ते माझ्या हिशोबाने १२ इंचांच्या आसपास लागतं. आजच्या जीन्समध्ये ९-१० भरतं. तुमच्या प्रतिकृतीत १० निघालं तर बनवणाऱ्याने वरून जुना चेहरा दिलाय आणि आतून आजची पँटच बेतली आहे. अशी पँट परत करा. लांबी वाढवता येते, कंबर सोडता येते, पण आसन वाढवायला कापडच नसतं. १२च्या जवळ असेल तर पँट चांगली आहे, तुम्ही ती फक्त खाली घालताय. गॅलिस लावा, वर ओढा.

कंबरेचा ३४ विसरा. जीन्सवरचा आकडा आणि टेपवरचा आकडा एक नसतात, आणि तोही कुल्ल्याच्या वरच्या भागाचा असतो. बेंबीवर टेप लावून श्वास न कोंडता जे येईल ते तुमचं माप. शर्टाच्या ४०चीही तीच गोष्ट. आपल्याकडच्या बहुतेक फॉर्मल शर्टांवर ३९, ४०, ४२ असं जे छापलेलं असतं ते कॉलरचं सेंटिमीटरमधलं माप आहे. तुमची छाती ४० इंच आहे असं त्यावरून मुळीच ठरत नाही. ४० नंबरचा शर्ट घालणारी आणि मोजल्यावर ३७ इंच छाती भरणारी पोरं माझ्याकडे नेहमी येतात. त्या काळच्या ब्लाउजच्या लेबलवर उंची, छाती आणि कंबर अशी अंगाची मापं इंचांत असायची. छातीइतकीच उंचीही महत्त्वाची, कारण पाठीची लांबी तिच्यावर बेतलेली. प्रामाणिक प्रतिकृती बनवणारे अजूनही उंची विचारतात. न विचारता नुसतं एस-एम-एल देणाऱ्याकडून घेऊ नका.

आता मुंढा. याच्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण मी स्वतः इथेच फसलो आणि त्याची मला अजून रुखरुख आहे.

काही वर्षांपूर्वी एका नाटकासाठी आठ शिपायांचे ब्लाउज शिवले. पोरांनी सांगितलं, हालचाल खूप आहे, जरा मोकळं ठेवा. मी मुंढा दीड इंच खोल कापला. मोकळं म्हणजे खोल, असंच डोक्यात. ट्रायलला सगळे सरळ उभे होते, सुरेख दिसले. रंगीत तालमीला पहिल्याच प्रवेशात आठही जणांनी रायफली खांद्याला लावल्या आणि आठही ब्लाउज एकदम वर चढले. पोटावरचे बनियन दिसले. एकाची काखेतली शिवण उसवली. मी विंगेत उभा होतो. त्या पोरांनी दोन महिने घाम गाळला होता, आणि तो प्रसंग माझ्या कात्रीने पडला.

असं का होतं ते नीट समजून घ्या. हात खांद्याच्या सांध्यातून फिरतो. मुंढ्याचा तळ काखेला जितका जवळ, तितकी हात उचलताना फक्त बाही फिरते आणि अंगाचा भाग जागेवर राहतो. मुंढा खाली गेला की बाही आणि अंग खालीच एकमेकांना जोडले जातात, मग हात वर गेला की तो आख्खा ब्लाउज स्वतःबरोबर ओढून नेतो. म्हणजे खोल मुंढा मोकळा नसतो, तो हाताला बांधून ठेवतो. जुने शिंपी मुंढा काखेला लागेल इतका वर ठेवत आणि मोकळीक पाठीत आणि बाहीच्या घेरात देत. बाहीसुद्धा दोन तुकड्यांची, कोपरात किंचित पुढे वळलेली. हात सरळ सोडून उभं राहिलं की अशा बाहीवर पुढच्या बाजूला थोड्या चुण्या दिसतात. तो दोष समजून इस्त्रीने मारू नका. रायफल धरलेल्या हातासाठी ती बाही बेतलेली आहे.

घरी तपासायला एक काठी पुरते. ब्लाउज घाला, कमरेचं बकल लावा, पट्टा बांधा आणि काठी रायफलसारखी खांद्याला लावा. ब्लाउजचा खालचा काठ अर्धा-एक इंच हलला तर चालेल. चार बोटं वर गेला तर मुंढा खोल आहे. मग गुडघ्यावर बसा, पुढे वाका, दोन्ही हात डोक्यावर न्या. आरशासमोर सरळ उभं राहून काहीच कळत नाही.

मुंढा खोल निघाला तर दुरुस्ती होते, पण ती कोपऱ्यावरच्या अल्टरवाल्याचं काम नाही. बाही पूर्ण उसवायची, खांद्याची शिवण उघडून अंगाचा भाग वर उचलायचा, बाजूने आत घ्यायचं आणि त्या नव्या मुंढ्याला बाही पुन्हा बसवायची. खांद्यावरून उचलताना गळा लहान होतो, तो पुन्हा कोरावा लागतो. आत माया (शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड) किती सोडली आहे ते आधी बघा. पाऊण इंचापेक्षा कमी असेल तर माझा सल्ला काखेत लहान चौकोनी कळी (कापडाचा जोड) लावायचा. ती अस्सल नाही, हे मान्य. पण हात खाली असताना ती दिसत नाही, आणि हात वर असताना ब्लाउज जागेवर राहतो.

छाती किती सैल असावी? आतला शर्ट घालून माप घ्या आणि वर चार इंच धरा. आजच्या जॅकेटच्या सवयीने हे ढगळ वाटेल. वाटू द्या. बॅटलड्रेसचा ब्लाउज कमरेच्या पट्टीवर थोडा फुगून पडायलाच हवा, तिथेच हात वर करण्यापुरती लांबी साठवलेली असते. फिटिंगच्या नादात दोन्ही बाजूंनी टीप मारून तो अंगाला चिकटवणारे बघितले की वाईट वाटतं.

कापडाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत, पण वॉचमनचा ड्रेस म्हणालात त्यात कापडाचा वाटा आहे. सिक्युरिटीवाल्या दादांना कंपनी टेरिकॉटचे (पॉलिस्टर आणि सुताच्या मिश्र कापडाचे) तयार कपडे देते, मापं न घेता. प्रतिकृतीतही स्वस्तातले लोक तेच कापड वापरतात. पॉलिस्टरचा धागा ब्रिटनमध्ये १९४१ साली शोधला गेला आणि बाजारात कपड्यांसाठी आला तो युद्धानंतर. १९४४च्या शिपायाच्या अंगावर तो असूच शकत नाही. टेरिकॉट ताठ पडतं, दिव्याखाली चकाकतं, गुडघ्याला घडी धरत नाही. आतल्या मायेतून चार धागे काढून काडी लावा. कागद जळल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख आली तर सुती. केस जळल्याचा वास आला तर लोकर. धागा वितळून त्याचा काळा मणी झाला तर टेरिकॉट.

आणि तुमच्या संहितेत महिना कोणता आहे ते बघा. इटलीत थंडीत लोकरी सर्जचा बॅटलड्रेस असे, उन्हाळ्यात खाकी ड्रिल (तिरप्या विणीचं जाड सुती कापड). नाईक यशवंत घाडगे यांनी ज्या लढाईत प्राण दिले आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ती १० जुलै १९४४ची, टायबर नदीच्या खोऱ्यातली. तुमची एकांकिका त्या दिवसांवर असेल तर सर्ज काढून ठेवा. खाकी ड्रिलचा शर्ट आणि पँट करून घ्या. ते इथेच होईल. नागपूरच्या गांधीबागेत, कापडबाजारात जाऊन "प्युअर कॉटन खाकी ड्रिल" मागा, बोटाने तिरपी वीण बघा, आणि बेतण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून उन्हात वाळवा. नवं ड्रिल पहिल्या धुण्यात आटतं. न भिजवता शिवलं तर तुम्ही जपून राखलेलं १२ इंचांचं आसन पहिल्या धुलाईतच कमी होईल. शिवून झाल्यावर तीन-चार वेळा धोब्याकडे द्या. शिपायाची खाकी दुकानातल्या तागासारखी एकसारखी नसते. खांद्यावर, गुडघ्यावर उतरलेली असते.

एक गोष्ट मात्र ताणू नका. शिपायाचा गणवेश कोठारातून मिळायचा, त्याच्यासाठी कुणी तो बेतलेला नसे. हिंदी पलटणींबरोबर दर्जी असत आणि ते बाही, लांबी, कंबर ठीकठाक करून देत, म्हणून जुन्या फोटोंतले आपले जवान नीटनेटके दिसतात. पण त्यांच्या खांद्यावर शिवून घेतलेल्या कोटाची सफाई नाही. ती अधिकाऱ्यांच्या अंगावर दिसते, कारण ते स्वतःच्या शिंप्याकडून शिवून घेत. तुमच्या एकांकिकेत अधिकारी असेल तर त्याचा ड्रेस तुमच्यापेक्षा एक पायरी बेतशुद्ध ठेवा. प्रेक्षकाला कुणी सांगावं लागत नाही, दोघं शेजारी उभे राहिले की हुद्दा कळतो.

फोटो बघायचे तर इंपीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात इटलीतल्या हिंदी फौजांचे पुष्कळ आहेत. त्याहून जवळचे आपल्याकडेच आहेत. महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली. नागपूर-कामठीच्या कितीतरी घरांत आजोबा-पणजोबांचा स्टुडिओतला फोटो अजून भिंतीवर आहे. मी अशा एका घरी गेलो होतो. फोटोतल्या जवानाच्या पट्ट्याखाली शर्टाला एकही चुणी नव्हती, आणि पट्टा शेवटच्या बरगडीच्या अगदी खाली. त्यांच्या सुनेने काच पुसून फोटो माझ्या हातात दिला. मी खिशातला टेप काढून काचेवरच मोजायला लागलो: गळ्यापासून पट्ट्यापर्यंत किती, पट्ट्यापासून गुडघ्यापर्यंत किती. पाय धडाच्या मानाने केवढे लांब दिसत होते! माणूस काही उंच नव्हता. पँट वर होती, एवढंच. त्या दिवसापासून जुन्या फोटोवर मी आधी हेच प्रमाण मोजतो, बिल्ले नंतर बघतो. तुम्हीही आरशासमोर उभं राहून स्वतःचा फोटो काढा आणि हेच मोजून जुन्या फोटोशी ताडून बघा.

परत करायची मुदत संपायच्या आत हे आकडे काढा: बेंबीवरची कंबर, आतल्या शर्टासकट छाती, पँटचं आसन, आणि काठी खांद्याला लावल्यावर ब्लाउज किती इंच वर गेला ते. खाली कमेंटमध्ये लिहा. माया किती आहे तेही आतून उलटून मोजा. मग पँट परत करायची की ब्लाउज उसवायचा, ते मी सांगतो.